हातोदच्या पुढचे बाफले

अशोकराव निकमांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सासऱ्यांच्या तोंडून एक 'वा!'. लग्नाला चौदा वर्षं झाली, फ्लॅट झाला, गाडी झाली, साताऱ्याहून इंदूरला मॅनेजर म्हणून बढतीवर बदली झाली. पण दर वेळी कृष्णराव नुसतं "हं" म्हणाले. (तेही नाकातून. जावयासाठी तोंड उघडायचेसुद्धा कष्ट नाहीत!)

आता कृष्णराव आठ दिवसांसाठी इंदूरला आले होते आणि सोमवारी सकाळी परत जायचे होते. पोहे झाले, जिलबी झाली, खजरान्याचा गणपती झाला. हं, हं आणि हं. शेवटी शनिवारी अशोकरावांनी पोलोग्राउंडच्या आपल्या कारखान्यात मारुती सुपरवायझरला गाठलं आणि निखाऱ्यावरचे असली बाफले कुठे मिळतील ते विचारलं.

"भिया, शहर में कुछ नी रखा," मारुती म्हणाला. "हातोद के आगे निकल जाओ. जां कंडे का धुआं दिखे, वां गाडी रोक देना."

ढाब्याचं नाव विचारणं अशोकरावांना कमीपणाचं वाटलं. सगळा घोळ इथेच झाला.

रविवारी सकाळी अशोकराव, बायको शैलजा आणि सासरे असे तिघं निघाले. जुलै अर्धा संपला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. वाटेत अशोकरावांनी व्याख्यान दिलं: कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग गोवऱ्यांच्या (मारुतीच्या भाषेत कंड्यांच्या) निखाऱ्यावर भाजायचा, मग तुपात बुडवायचा, त्याचं नाव बाफला. "अहो, तुम्हाला उकडलेलं अंडं सोलता येत नाही," शैलजा म्हणाली. कृष्णराव "हं" म्हणाले. (हा 'हं' लेकीच्या बाजूने होता.)

हातोद मागे पडल्यावर एका गावाच्या चौकात कडुनिंबाची दाट सावली दिसली. अशोकरावांनी ऐटीत गाडी लावली. गावात माणूस नव्हतं. दारांना कड्या, गोठे रिकामे, कुत्रंसुद्धा नाही.

"सगळे गेले कुठे?" शैलजाने विचारलं.

"रविवार आहे ना आज."

"म्हशींनाही?" कृष्णराव म्हणाले.

तेवढ्यात गावाबाहेर धूर दिसला आणि गाडी तिथेच ठेवून तिघं चालत निघाले. एक नाही, दोन नाही, शेतभर धूर! जिकडेतिकडे गोवऱ्या पेटलेल्या, बाया कणीक मळताहेत, म्हातारे खाटांवर, म्हशी बाभळीला बांधलेल्या.

"फूड फेस्टिव्हल!" अशोकराव हरखून गेले. "बघा, प्रत्येकाचा स्टॉल वेगळा!"

"बोर्ड दिसत नाहीत ते?"

"खरे कारागीर बोर्ड लावत नाहीत, बाबा."

पहिल्या निखाऱ्यापाशी सुमनबाई नावाच्या बाईंनी तोंड भरून स्वागत केलं. "आओ सा, बैठो. कौन के यां आया हो?"

"मारुती ने भेजा है."

"कौन मारुती?"

"सुपरवायझर."

सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने म्हशीकडे पाहिलं. म्हैसही मारुतीला ओळखत नसावी. "कोई बात नी," बाई म्हणाल्या, "बैठो."

"तीन थाळी. जरा फटाफट," अशोकराव म्हणाले. बायका एकमेकींकडे बघून पदराआड हसल्या. सर्व्हिस हसतमुख आहे, अशी अशोकरावांनी नोंद घेतली.

मग त्यांच्यातला क्वालिटी मॅनेजर जागा झाला. दुसऱ्या निखाऱ्यावर त्यांनी वरण चाखून मीठ कमी असल्याचं सांगितलं. तिसऱ्यावर एका आजीबाईंचा बाफला "अंदर से कच्चा है, बदल दो" म्हणून परत केला. बिचारीने मुकाट्याने दुसरा दिला. चौथ्यावर कोणीतरी त्यांच्याच हातात चिमटा दिला. "लाइव्ह काउंटर!" ते बायकोच्या कानात कुजबुजले. शैलजाला काही तरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते तिलाही कळत नव्हतं.

इकडे कृष्णरावांचा पाचवा बाफला चालला होता. तूप कोपरापर्यंत आलेलं. आणि आश्चर्य म्हणजे अजून एकही 'हं' नाही! अशोकरावांची छाती धडधडायला लागली. आता येतोय, आत्ता येतोय 'वा'! त्या भरात त्यांनी खिशात हात घातला आणि खाटेवरच्या पांढऱ्या मिशांच्या पटेलांना (म्हणजे गावच्या पाटलांना) बिल विचारलं.

"बिल?" पटेल हसले. "अरे साब, ये होटल थोडी है! पानी नी गिरा, तो पूरा गाम घर छोड के बाहर पकाता है, बाहर खाता है. शाम की पूजा तक गाम में कोई पांव नी रखता. तब भगवान सुनता है. आप तो मेहमान हो."

अशोकरावांच्या कपाळावर घाम फुटला. तरी माघार घेतील तर शपथ! "मालूम है, मालूम है," ते म्हणाले. "इसीलिये तो खास आये."

"भोत अच्छा किया. गाडी कां लगाई?"

"अंदर चौक में. नीम के नीचे. एकदम सावली में!"

 सगळ्यांच्या हातातले बाफले हातातच राहिले. आजीबाईंनी कपाळाला हात लावला. "भीतर गये थे?" पटेलांनी हळूच विचारलं.

"बस दस मिनिट," अशोकराव म्हणाले. शैलजाने चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

म्हातारे खाटेभोवती जमले. सगळी चर्चा माळवीत. अशोकरावांना त्यातलं फक्त 'भिया' समजत होतं आणि ते फार वेळा येत होतं. ते मध्येच सॉरी म्हणाले, हात जोडले, "उलटे पांव जा के गाडी निकाल लूं तो चलेगा?" असंही विचारून पाहिलं. कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी पटेल उठले. "आज का सब बेकार गया. अगले रविवार पूरा गाम फिर बाहर. और उस दिन सब घर के बाफले ये भिया अकेले सेकेंगे. घर एक सौ बाईस हैं. सुबे चार बजे आ जाना."

"वा!"

अशोकराव गर्रकन वळले. चौदा वर्षं! त्यांचे डोळे भरून आले. कृष्णराव खरोखरच उठून उभे राहिले होते, चेहरा नुसता फुलला होता. पण ते बघत होते पटेलांकडे.

"वा पटेलसाहेब, वा! क्या इन्साफ किया है!" मग ते लेकीकडे वळले. "शैलू, उद्याचं तिकीट रद्द कर गं. हे बघितल्याशिवाय मी काही जात नाही."