उलट्या डोंग्याखाली

मंगळवारी सकाळी दसारामभाऊ गेले. त्यांच्या वहिनी कौशल्याबाई चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या, परत आल्या आणि कुंपणावरून मला हाक मारली.

भाऊ कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वर पाहत. तालुक्याच्या गोरेगावची बँक असो, लग्नाचा हॉल असो की दवाखाना. लोक नमस्कार करत आणि यांची मान वर. मग निकाल देत, "भिंती बऱ्या हायेत जी. छताले काही समजत नाही."

छताला काय समजायला हवं, हे त्यांनी एकाच इमारतीवरून ठरवलं होतं. आमच्या तलावाकाठच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातला हा माणूस तरुणपणी मालवाहू जहाजावर सुतार म्हणून लागला. उत्तरेकडच्या एका थंड देशात, खलाशांच्या बंदरगावात, त्यांनी लूथरपंथीयांचं एक जुनं चर्च पाहिलं. ते बांधलं होतं जहाजं बांधणाऱ्यांनी. त्यांना छत करता येत नव्हतं, नाव करता येत होती. म्हणून त्यांनी भिंतींवर एक मोठी नाव उलटी घातल्यासारखं लाकडी छत केलं. खाली पांढऱ्या भिंती, साधी बाकं, प्रवचनाचा उंच मंच. आणि छतापासून दोरीनं टांगलेलं एक लहानसं जहाज.

"हा लूथर कोन होय जी?" पानठेल्यावर कुणी तरी मुद्दाम विचारायचं.

"शिकलेला मानूस होता. म्हने, देवासंग आपल्या बोलीत बोला, मधात दलाल नोको."

"म्हनजे तुमी किरिस्ताव झाले?"

"मी ढिवरच आहो. माह्या डोक्यातलं छत तेवढं लूथरचं हाये."

त्या चर्चचा मनोरा फक्त समुद्राच्या बाजूनं पांढरा रंगवलेला होता, कारण परतणाऱ्या नावांना तीच बाजू दिसते. भाऊंनी आपल्या घराला तलावाच्या बाजूनं चुना मारला आणि रस्त्याची बाजू मातीची ठेवली. लोक विचारत, "चुना पुरला नाही काऊन?" भाऊ म्हणत, "डोंगेवाल्याले दिसलं म्हनजे झालं. तुमी तर रोज येऊनच राहिले."

तिथं भिंतीवरच्या पाटीवर त्या दिवशी गायच्या गाण्यांचे पुस्तकातले आकडे लावत, म्हणून भाऊंनी आमच्या भजनी मंडळालाही पाटी करून दिली. पहिल्याच शनिवारी पाटीवर आकडा लागला. भजनांना मात्र कुणीच आकडे दिले नव्हते. पेटीवाल्यानं एक भजन धरलं, टाळवाल्यांनी दुसरं, आणि दोन्ही बाजूंनी माघार न घेता शेवटपर्यंत गायलं. भाऊ छताकडे पाहत म्हणाले, "चूक पाटीची नाही."

मग तलावाकाठी समाजमंदिर बांधायला निघालं. भाऊंनी लाकडी छतासाठी पंचांच्या मागे लागून पाहिलं. पंचांनी टिनाचे पत्रे टाकले. भाऊंनी शेवटी एवढंच मागितलं, की मधल्या लोखंडी पट्टीला एक कडी लावा. ती लावली. भाऊंनी सागाचा हातभर लांब डोंगा, आमच्या तलावातल्या लहान नावेसारखा, कोरला होता. तिथल्या चर्चमध्ये समुद्रावरून परत न आलेल्यांच्या नावानं जहाज टांगतात. त्यांना थोरल्या भावाच्या नावानं डोंगा टांगायचा होता. सुखराम आमच्याच तलावात शिंगाडे काढताना डोंगा उलटून बुडाला होता. भाऊ तेव्हा जहाजावर होते.

डोंगा घेऊन ते समाजमंदिरात आले, तेव्हा कौशल्याबाई दारात उभ्या होत्या.

"ज्यानं माहा मानूस बुडवला, तो डोक्यावर टांगतं? भावाच्या मातीले आला नाही, अन् आता खेळनं घेऊन आला!"

भाऊंनी डोंगा टॉवेलात गुंडाळला. "बराबर हाये वयनी," म्हणाले आणि घरी गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पुढे एकदा गोरेगावच्या बाजारातून येताना बसमध्ये ते माझ्याशी आपणहून बोलले. "गुरुजी, जहाज त्या बंदरात माल उतरवून राहिलं होतं, तवा दादा गेल्याचा फोन आला. कप्तान म्हने, सुट्टी नाही. मी गावात चालत सुटलो. चर्च बंद होतं. झाडनाऱ्या म्हातारीनं माहं तोंड पाहून दार उघडलं. मले रडूच येईना जी. मंग वर पाहत बसलो. एक एक फळी पाहिली. तिनं टांगलेल्या जहाजाकडं बोट केलं, मंग माह्याकडं. तिची भाषा मले येत नव्हती, पन समजलं." मग म्हणाले, "वयनीले सांगू नोका. ती इकडं लाकडं रचत होती अन् मी छत पाहून राहिलो होतो. कोन्या तोंडानं सांगू?"

ते असेपर्यंत मी त्यांचा शब्द पाळला. तेराव्या दिवशी, पंगत उठल्यावर, मात्र कौशल्याबाईंना सगळं सांगितलं. त्या उष्ट्या पत्रावळी गोळा करत होत्या. हातातल्या पत्रावळी खाली ठेवून बसल्या.

"एवढ्या वर्सांत एकदा तरी सांगाचं नं रे," त्या भाऊंच्या बंद खोलीकडे पाहून म्हणाल्या. "मी समजली, तिकडं मजेत होता."

मग आत जाऊन त्यांनी टॉवेलातला डोंगा काढला. पंचांपैकी एकजण चटकन म्हणाला, "आनू का शिडी?"

"नोको. पाहनारा गेला, आता कोनासाठी टांगता?"

डोंगा त्यांच्या घरी, धानाच्या कोठीवर आहे. समाजमंदिरात कडी आहे.