आधी शॉकअप बदला

मेहबूबच्या दुकानात जानराव शॉकअप घ्यायला गेले आणि पहिल्याच प्रश्नाला अडले.

"लोड किती राहीन, ड्रायवरसाहेब?" मेहबूबनं विचारलं.

प्रश्न साधा होता. मलकापुरात गाड्यांचे सुटे भाग विकणारा माणूस हा प्रश्न येईल त्याला विचारतो, आणि ट्रकवाले टनांत उत्तर देऊन मोकळे होतात. जानरावांनी मनातल्या मनात गाडीत एक चक्कर मारली. पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भिंतीला घडी होऊन बसणारा ओटा. मग म्हणाले, "सामान मामुली हाये. आन् मानसं दोन."

मेहबूबनं वर पाहिलं. जानरावांच्या बायकोच्या, जयमालाबाईंच्या मातीला तो स्वतः धामणगाव बढ्याला येऊन गेला होता, रोजे चालू असताना, उन्हात. पण गिऱ्हाइकाला दुरुस्त करायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम होता. गाडी दुरुस्त करायची.

"वहिनीचं वजन किती पकडू?"

"अठ्ठावन्न," जानराव म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "दवाखान्यातलं येगळं हाये. थे नोको पकडू. उंद्रीले गेलो व्हतो तवाचं पकड."

मेहबूबनं तेच पकडलं.

जानराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या दुनियेला आपण फिरवलं आणि बायको घरीच राहिली. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि गावातल्या वेल्डरकडून तिच्यात घर बसवलं. सारिका, त्यांची नाशिकची मुलगी, तिला मोटारहोम म्हणायची. गाव घरगाडी म्हणायचं. जयमालाबाई सवत म्हणायच्या, पण लाडानं.

घरगाडीची पहिली सहल उंद्रीला निघाली. तिथं जयमालाबाईंची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई एकटी राहते. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून जयमालाबाईंनी मडकंभर दही लावून घेतलं. राजूर घाट चढला, बुलढाणा मागे पडलं, उंद्री आली, मडक्यावरचं फडकं सुटलं आणि आत ताक निघालं.

"यायच्या गाडीचे शॉकअप गेले," जयमालाबाई अंगणात जमलेल्या सगळ्यांना म्हणाल्या. "घरून निंगाली तवा विळ्यानं कापावं असं दही व्हतं."

आता जानरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण हा माणूस इतकी वर्षं गाडी चालवूनही एका प्रवाशाचा चहा न सांडलेला. ते म्हणाले, "शॉकअप ठणठणीत हायेत. दहीच लागलं नसन."

बायकोचं दही लागलं नाही हे वाक्य नवऱ्यानं कुठंच बोलू नये, आणि सासरवाडीच्या अंगणात तर अजिबात नाही. जयमालाबाई परत आल्या त्या एसटीनं. पुढे घरगाडी आणि मागे एसटी असा तो प्रवास झाला. घरी उतरल्यावर त्यांनी एकच सांगितलं, "आधी शॉकअप बदला, मंगच बसन."

जानरावांनी शॉकअप बदलले नाहीत, कारण ते चांगले होते. जयमालाबाई बसल्या नाहीत, कारण त्या बोलून चुकल्या होत्या. मधल्या काळात दोघं एका ताटात जेवत होते, एकमेकांची औषधं आठवणीनं देत होते, फक्त अंगणात गेलं की एकमेकांकडे बघत नव्हते. मग जयमालाबाईंचं दुखणं निघालं आणि ते पोटातच वाढत गेलं. अकोल्याला न्यायला ॲम्ब्युलन्स आली. फाटकातून निघताना ती घरगाडीला घासून गेली. गाडीत पलंग होता, पाणी होतं, पंखा होता. त्या दिवशी जानरावांनी मनाशी कबूल केलं, की शॉकअप गेलेलेच होते.

मातीनंतर सहा महिन्यांनी सारिकानं गिऱ्हाईक शोधलं. चिखलीच्या कोणा बाईंना घरगाडीत फिरतं ब्यूटी पार्लर काढायचं होतं. वडील रोज दुपारी अंगणातल्या गाडीत जाऊन झोपतात, हे सारिकाला शेजाऱ्यांकडून कळलं होतं आणि ते तिला सहन होत नव्हतं. जानराव विकायला तयार झाले. अट एकच. तिच्या आईनं सांगितलं होतं म्हणून आधी शॉकअप बदलायचे, आणि धामणगावचं दही उंद्रीला दही म्हणून पोचवायचं. ते एकदा झालं की गाडी घेऊन जा. सारिकाला वाटलं, एका दुपारचं काम आहे.

मेहबूबनं पहिल्यांदा तेलाचे शॉकअप दिले. जुने जानरावांनी भंगारात जाऊ दिले नाहीत, पलंगाखाली ठेवले. दही लावायचं ते स्वतः शिकले. विरजण किती, दूध कोमट म्हणजे किती, हे विचारायला शेजारच्या घरी इतक्या चकरा मारल्या, की त्या घरानं शेवटी एक म्हैस यांच्या नावावर धरून ठेवली. दही लागलं, मडकं डाव्या सीटपुढे ठेवलं, गाडी निघाली. तेलाचे शॉकअप फार नरम. राजूर घाटाच्या वळणांवर घरगाडी पाळण्यासारखी झुलली आणि उंद्रीत ताक पोचलं.

पुढच्या बुधवारी गॅसचे लावले. ते इतके कडक निघाले, की उंद्रीत मडक्यात ताकावर लोणीही तरंगत होतं.

"कडक नाई हायेत," मेहबूब म्हणाला. "तुम्ही दोघांचा लोड सांगतला आन् एकटे बसून जाऊन राह्यले. डावी बाजू उधळणारच ना." पुढचं वाक्य बोलावं की नाही याचा विचार करत त्यानं हात पुसले. "तिकडं वजन ठेवा काही."

म्हणून जानरावांनी सरकीच्या ढेपेचं एक पोतं घेतलं, मापात अठ्ठावन्न करून शिवलं आणि डाव्या सीटवर बसवलं. ब्रेक मारला की पोतं पुढे यायचं, म्हणून त्याला पट्टा लावला. ऊन त्या बाजूचं होतं, म्हणून खिडकीला पडदा लावला. मग पोत्याला वारं लागेना असं वाटून पडदा अर्धा उघडा ठेवला. तेवढ्या फटीतून बुलढाण्याच्या सिग्नलला एका गाईनं तोंड आत घातलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत खाल्लं. उंद्रीत पोचेपर्यंत आणखी दोघींनी. घरी आल्यावर जानरावांनी पोतं काट्यावर ठेवलं आणि ढेप आणून ते पुन्हा अठ्ठावन्न केलं. दवाखान्यात हे जमलं नव्हतं.

इकडे उंद्रीत वेगळंच सुरू झालं होतं. दर बुधवारी दुपारी धामणगावचे पाव्हणे मडकंभर ताक घेऊन येतात, ही गोष्ट गल्लीला पाठ झाली. अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात लोक तांबे घेऊन बसू लागले. कोणी जिरं भाजून आणायचं, कोणी कोथिंबीर. शेजारच्या तानाबाई तर मागच्या खेपेचं जरा आंबट होतं असं तोंडावर सांगू लागल्या. जानराव फडकं सोडायचे, आत बघायचे आणि मान खाली घालायचे. अंगण खूश व्हायचं. मग पाव्हण्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळे थोडा वेळ उदास बसायचे आणि उदास बसूनच ताक प्यायचे. अन्नपूर्णाबाई जानरावांना पिठलं-भाकर वाढायच्या आणि जयमालेच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. संध्याकाळच्या आत जानराव परत निघायचे.

"अजून नाही जमलं?" सारिका फोनवर विचारायची. ब्यूटी पार्लरवाल्या बाईंनी आरसे घेऊन ठेवले होते.

शेवटी मेहबूबनं कुठूनसे कडक-नरम करता येणारे शॉकअप मागवले. स्वतः गाडीखाली शिरून ते बसवले, पोत्यासकट गाडी हलवून पाहिली आणि म्हणाला, "आता वहिनीले काई तरास होनार नाई."

त्या बुधवारी राजूर घाट सपाट असल्यासारखा गेला. उंद्रीच्या अंगणात तांबे तयार होते. जानरावांनी फडकं सोडलं. मडक्यात दही होतं. साईला सुरकुतीसुद्धा नव्हती.

तानाबाई मडक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "आता याचं काय करावं बाई?" भाजलेलं जिरं कोणाच्या तरी पदराला बांधलेलं होतं, ते तसंच राहिलं. एकानं हळूच विचारलं, की मागच्या बुधवारचे शॉकअप परत लावता येतात का. मग एकेक तांबा उठून गेला आणि अंगणात दोघंच राहिले.

जानरावांना वाटलं होतं, या क्षणी छातीवरचं काहीतरी उतरेल. ते म्हणाले, "आक्का, तिचं खरं व्हतं. शॉकअपच गेले व्हते. मी आयकलं असतं, तं ती बसली असती."

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"जानरावजी, त्या दिवशी दही लागलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "थंडी व्हती. वाटेत तुम्ही चहाले उतरले, तवा तिनं फडकं सोडून पाह्यलं. नुस्तं पानी. मंग चमच्यानं घुसळून टाकलं, का ताक झालं म्हनता येईन. रातच्याले मले सांगतलं, आन् माहे पाय धरून शपथ घातली, का कोनाले सांगाचं नाई."

जानरावांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"मंग बसली काऊन नाही?"

"बसाचं व्हतं तिले. मले म्हने, आक्का, एकडाव तोंडातून निंगालं, आता मांगं कसं घेऊ? ह्या मानसानं एक शॉकअप बदलला असता, तं मी टुनकन बसली असती."

"आन् तुम्ही मले एवढे बुधवार काऊन नाही सांगतलं?"

अन्नपूर्णाबाईंनी रिकाम्या अंगणाकडे हात केला. "सांगतलं असतं, तं तुम्ही आले असते?"

म्हणजे शॉकअप चांगले होते. दहीच लागलं नव्हतं. संसारात जयमालाबाईंशी झालेल्या भांडणांपैकी हे एक जानराव जिंकले होते, स्वच्छ, साक्षीदारासकट. आणि ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं, ते सोडून बाकी उंद्री हाकेच्या अंतरावर होती.

तेवढ्यात फोन वाजला. सारिकाच होती. जमलं का, बाबा? बाईंना आज कळवायचंय.

जानरावांनी फोन खांद्यानं कानाशी दाबला. अन्नपूर्णाबाईंच्या चुलीशेजारून रवी उचलली, मडकं दोन पायांत धरलं आणि सावकाश घुसळायला सुरुवात केली.

"नाही ना बाई," ते म्हणाले. "ताकच झालं."

"कसला आवाज येतोय?"

"रस्त्याचा." त्यांनी आणखी दोन हात दिले. "तुही माय काही खोटं बोलत नव्हती. अजून बरेच शॉकअप पाहा लागतीन."

अन्नपूर्णाबाई उठल्या आणि तानाबाईंना हाक मारायला फाटकापर्यंत गेल्या.

परतीच्या वाटेवर घाट लागला. जानराव डावीकडे न बघता म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं ना, दहीच लागलं नसन."

पुढच्या वळणावर मोठा खड्डा आला. गाडी त्यातून अशी गेली, की पट्टा लावलेलं पोतं जागचं हललंही नाही. रुसली की जयमालाही हलत नसे.