माझे सतरा डायनासोर कुठे गेले?

आपल्या नजरेतून चूक सुटत नाही, असं खराडीच्या आयटी कंपनीतल्या अक्षता कांबळेचं ठाम मत होतं. दोन हजार सहा साली तिच्याकडे परदेशातल्या एका संग्रहालयाचं सॉफ्टवेअर तपासायला आलं. प्राण्याचं नाव टाकायचं, की त्याचं घराणं दिसणार. तिने सहज 'कोंबडी' टाकलं. उत्तर आलं, डायनासोर.

तिने लगेच बग नोंदवला. गंभीर, तातडीचा.

"मग नियम काय लावू?" प्रोग्राम लिहिणाऱ्या तेजसने विचारलं.

"पिसं असली की पक्षी. शाळेत होतास ना?"

संध्याकाळपर्यंत कोंबडी पक्ष्यांत गेली आणि अक्षता समाधानाने वारज्याला घरी.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या शास्त्रज्ञ बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. पुढचं काम कंपनीला द्यायचं की नाही, हे त्याच ठरवणार होत्या. त्यांनी यादी उघडली आणि थबकल्या.

"माझे सतरा डायनासोर कुठे गेले?"

"पक्ष्यांत," तेजस पुटपुटला. "पिसं होती त्यांना."

मॅनेजर योगेश सर हळूच म्हणाले, "अक्षता, उत्क्रांती दुरुस्त करण्याआधी कोणाला विचारायची पद्धत आहे की नाही?"

"मॅडम, चूक माझी आहे," अक्षता म्हणाली. "पण पिसं असून पक्षी नाही, हे कसं?"

बाईंनी पडद्यावर एका दगडाचा फोटो लावला. दगडात कोंबडीएवढा जीव निजला होता. जबड्यात दात, बोटांना नख्या, हाडांची लांबलचक शेपटी. आणि अंगाभोवती पिसांची बारीक किनार. साडेबारा कोटी वर्षं झाली होती, तरी तंतू न् तंतू दिसत होता.

"हा उडत नव्हता," बाई म्हणाल्या. "पिसं आधी आली, बहुधा उबेसाठी. पक्षी नंतर आले, याच घराण्याच्या एका फांदीवर. म्हणून कोंबडीही डायनासोरच. सीमेवरच्या काहींना कुठे बसवायचं, यावरून आम्ही अजून भांडतोय."

योगेश सर पडद्याजवळ सरकून पाहू लागले. अक्षताच्या अंगावर काटा आला होता.

"मॅडम, जरा मोठं करून दाखवाल?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. जुना नियम परत लावायचा, सीमेवरच्यांसाठी 'वाद चालू' असा रकाना वाढवायचा, या अटीवर काम कंपनीकडेच राहिलं.

घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. भीमरावांनी पेपर बाजूला ठेवून ऐकलं.

"म्हणजे आपण दर रविवारी डायनासोर खातो?"

"हो, बाबा."

भीमरावांनी पेपर पुन्हा उचलला.

"आणि तुझी आई म्हणते, अर्धा किलो पुरे."