पहिल्या पायरीवरचा वाटाणा

‘टिंग!’ टॅबलेट वाजला आणि दुपारची निजलेली खोली दचकली. लेक मात्र जागची हलली नाही. खिडकीतल्या कपाला नाक लावून ती बसली होती. कपात माती, मातीत वाटाणा, आणि वाटाण्याचं काय चाललंय ते तिला बघायचं होतं. दचकली ती आई. शाळेची सूचना आली होती : ‘आपला पाल्य अद्याप पहिल्या पायरीवर आहे.’

शाळेने यंदापासून शिकण्याच्या सहा पायऱ्या लागू केल्या होत्या. आठवणे, समजणे, वापरणे, पृथक्करण, मूल्यमापन आणि सर्वांत वर निर्मिती. दुसरीतलं कोणतं मूल कुठे आहे, हे टॅबलेट ठरवी. ‘याला काय म्हणतात?’ याचं बटण लेकीने बरोबर दाबलं होतं. पुढे विचारलं होतं, ‘बी कसे उगवते?’ खाली चार पर्याय. “थांब ना, मी बघतेय,” हे तिचं उत्तर त्यांत नव्हतं. शिवाय पाणी घालणे हे ‘वापरणे’ असल्याने पहिल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याने ते घातल्यास क्रमभंग समजला जाणार होता. ती चोरून घालायची.

शुक्रवारपर्यंत निर्मिती झाली नाही, म्हणजे कपात उगवलेल्या रोपाचा फोटो शाळेला गेला नाही, तर तिची रवानगी शिशुवर्गाशेजारच्या ‘पुनःस्मरण गटा’त होणार होती. मैत्रिणीच्या शेजारची जागा जाणार म्हणून पोर झोपेतही हुंदके देई.

आई शाळेत गेली.

“बाई, ती तासन्‌तास कपाकडे बघत बसते हो. हे शिकणं नाही का?”

“आहे की, ताई,” बाईंनी आधी दार लोटून घेतलं. “पण बघणं कुठल्या पायरीवर टाकू? मी स्वतःच तिसरीवर आहे. आणखी एक मूल अडकलं तर मला खाली आणतील.”

“मग मोठ्या सरांशीच बोलते.”

“नका बोलू. त्यांचं ‘समजणे’ अजून प्रलंबित आहे.”

फाटकापाशी मैत्रिणीची आई भेटली. “अगं वेडे, नर्सरीतून तयार रोपच आण की! आम्ही तर शेंगेसकट आणलं. एकदम सहावी पायरी!”

आईने आणलं. लेक खाली खेळायला गेली तसा आईने कप उकरला. वाटाणा तडकला होता. आतून पांढरं, इवलंसं टोक डोकावत होतं. आईचा हात क्षणभर अडखळला. पण सूचनेत ‘किमान दोन पाने’ असं स्पष्ट म्हटलं होतं. वाटाणा कचऱ्याच्या डब्यात गेला, रोप कपात बसलं, फोटो निघाला. मधल्या पायऱ्यांची बटणं तिनेच पटापट दाबली. पडद्यावर फुगे उडाले : ‘अभिनंदन! आपल्या पाल्याने निर्मिती केली आहे.’

संध्याकाळपर्यंत अख्खा वर्ग उगवला. शाळेने त्याचं श्रेय पायऱ्यांना दिलं.

लेक धापा टाकत वर आली आणि कपापाशी थबकली.

“बघ, माझी राणी सहाव्या पायरीवर!” आईने टाळ्या वाजवल्या. “आता जागा कुठ्ठे जात नाही तुझी.”

लेक हसली नाही. तिने बोटाने एक पान हळूच हलवून पाहिलं. मग डोळे चोळले.

“आई, मी तर सारखी बघत होते गं. मग हे उगवताना मला कसं दिसलं नाही?”