तीन लाख किलोमीटरची तपासणी

मला जुनी गाडी गळ्यात मारणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी उगाच म्हणत नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. दिवसभरात एखादी चूक सापडली नाही तर मला रात्री जेवण जात नाही. स्वतःच्या लग्नपत्रिकेत मी अकरा चुका काढल्या होत्या, आणि ती पुन्हा छापून येईपर्यंत निम्मे पाहुणे लग्नाची तारीख विसरले होते. त्यामुळे बायकोने जुनी फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, गाडी घ्यायचं काढलं, तेव्हा ती तपासण्याचं काम कोणाकडे येणार हे उघडच होतं. म्हणजे मला तरी उघड होतं.

बायको जनावरांची डॉक्टर आहे. डोंगरावरच्या दवाखान्यातली जागा तिने स्वतः मागून घेतली होती. तिथे जायला रस्ता म्हणावा असा नाहीच. नुसते दगड, चिखल आणि दोन ओढे! आधीचे तीन डॉक्टर त्यापायीच पळाले. म्हणून खात्याने अट घातली होती: सोमवारी सकाळी दहाला स्वतःची, डोंगर चढणारी गाडी घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मागे एकदा वरच्या वस्तीवरचा एक म्हातारा आजारी गाय घेऊन दिवसभर डोंगर उतरून आला होता, आणि गाय बायकोच्या सध्याच्या, खालच्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचून आडवी झाली ती उठलीच नाही. त्या दिवसापासून बायको दुसऱ्या कुठल्या जागेचं नावही काढत नव्हती.

आणि आता शनिवार उजाडला होता. तीन आठवड्यांत आम्ही सहा गाड्या पाहिल्या होत्या, आणि सहाही मी नापास केल्या होत्या.

"अहो," बायको चपला घालता घालता म्हणाली, "आज गाडी घेऊनच यायचं. ही सातवी आणि शेवटची. तुमची ती यादी घरी ठेवा."

"यादी घरी? अगं, तीन लाख बारा हजार किलोमीटर पळालेली गाडी आहे ती! एकेचाळीस मुद्दे आहेत माझे. रात्र रात्र जागून काढलेत!"

"मग बेचाळिसावा लिहा. सोमवार."

मी यादी शर्टाच्या आत लपवली, फ्रिजवरचं लोहचुंबक आणि छोटी हातोडी खिशात टाकली आणि निघालो.

गाडीचा मालक निवृत्त लाइनमन होता. डोंगराडोंगरांतून विजेच्या तारा तपासत त्याने आयुष्य काढलं होतं, आणि आता गुडघे दुखतात म्हणून गाडी विकायला काढली होती. मी त्याला फोनवर बजावलं होतं, "आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही!" हा माझा पहिला मुद्दा. गरम इंजिन लगेच सुरू होतं. थंड इंजिनच खरं बोलतं.

अंगणात शिरताच मी सरळ बॉनेटवर हात ठेवला. गरम!

"पकडलं!" मी ओरडलो. "काका, ही फसवणूक आहे!"

काकांनी नुसतं कुंपणाकडे बोट दाखवलं. मी आत शिरल्याबरोबर बॉनेटवरून उडी मारून पळालेली एक जाडजूड मांजर तिथे बसून माझ्याकडे रागाने बघत होती. बायको तिच्याजवळ गेली, तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काका, चार तरी पिल्लं आहेत हिच्या पोटात. आठवड्याभरात होतील."

"असं होय!" काका खूश झाले. "मी म्हटलं, हिचं खाणं एवढं कसं वाढलं!"

मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

खरं सांगू का? जुनी गाडी तपासण्यासारखी मजा दुसरी नाही. माणसाचा स्वभाव कळायला वर्षं लागतात. गाडी मात्र तिच्या पायाशी आडवं पडलं की बोलायला लागते. टायर एकाच बाजूने झिजलाय, तो का? सीटखाली वाळू आहे, म्हणजे ही कधी पाण्यात बुडाली होती का? ब्रेकचं पेडल गुळगुळीत झालंय, पण त्यावरचं रबर नवं कसं? मी दर वेळी "अरेच्चा!" म्हणत होतो आणि लिहून घेत होतो. पत्र्यावर ठिकठिकाणी चुंबक लावलं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गेलेला, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. पुढच्या चाकांच्या मधोमध दोन चकत्या दिसल्या, बाटलीच्या झाकणाएवढ्या. त्यांना चुंबक चिकटेना. लिहिलं, "चाकांवर शोभेच्या चकत्या. निरुपयोगी."

"साहेब, त्या चकत्या..." काका सुरू झाले.

"काका, मध्ये बोलू नका! विकणाऱ्याने बोललं की तपासणीवर परिणाम होतो."

मी गाडीखाली शिरलो आणि छोट्या हातोडीने चासीचा सांगाडा ठोकत ठोकत पुढे सरकलो. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत, बद्द आवाज आला तर आतून गंज. आवाज छान खणखणीत येत होता. तेवढ्यात कपाळावर थेंब पडला. मग नाकावर.

"तेल गळतंय!" मी खालूनच गर्जना केली.

"गळणारच," वरून काका म्हणाले. "तिचं वय काय, माझं वय काय!"

बाहेर यायला लागलो तर पँट कुठेतरी अडकली. बायकोने एक पाय धरला, काकांनी दुसरा धरला, आणि दोघांनी मला ओढून काढलं. पँट थोडी खालीच राहिली. मग धुराची परीक्षा. इंजिन सुरू करायला लावून मी धुराच्या नळीमागे पांढरा रुमाल धरून उभा राहिलो. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. रंग निरखायला मी जरा जास्तच वाकलो, आणि काकांनी नेमका त्याच वेळी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. रुमाल काळा झाला की मी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

दोन तास झाले. चोवीस मुद्दे संपले. त्या वेळात बायकोने काकांच्या दोन शेळ्या, एक म्हैस आणि शेजारणीचा कुत्रा तपासून दिला. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. लाकडाचा ठेकेदार! आडवा माणूस, झुबकेदार मिशा.

"काका, गाडी हीच ना? मला काही बघायचं नाही. पसंत आहे. किल्ली द्या."

बायकोचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तशी नजर मी कधी पाहिली नव्हती. रागाची असती तर सोसली असती. ती रडवेली होती.

"हे आधी आलेत," काका म्हणाले. "यांचं नाही म्हणणं पडलं तर तुमची."

"एकच मुद्दा राहिला!" मी घाईघाईने सोळा मुद्दे गाळले. "फोर-व्हील लागतं का ते बघतो, की लगेच घेतली!"

घरामागे ओढा होता. पाणी गुडघाभर, तळाशी चिखल. याहून चांगली जागा कुठली? मी स्टिअरिंगवर बसलो, बायको शेजारी, काका मागे. ठेकेदार काठावर उभा राहिला.

"साहेब, खाली उतरून आधी..." काका म्हणाले.

"काका, बोलायचं नाही असं ठरलंय ना!"

मी फोर-व्हीलचा दांडा खटकन ओढला आणि गाडी पाण्यात घातली. ऐन मध्यावर ती थांबली. मी जोर दिला. मागची चाकं गरगर फिरली, चिखल उडाला, आणि गाडी म्हशीसारखी निवांत खाली बसली. मी खिडकीतून डोकं काढून पुढे पाहिलं. पुढची चाकं जागची हलत नव्हती!

शेवटी सापडलीच चूक! मला जो आनंद झाला तो काय सांगू? तेवढ्या क्षणापुरता मी सोमवार विसरलो, बायको विसरलो, आपण पाण्यात बसलोय हेही विसरलो.

"मेलीय!" मी आभाळाकडे बघून ओरडलो. "पुढच्या चाकांना जोरच नाही! फोर-व्हील बाद! गिअरबॉक्स खलास! गाडी भंगारात घाला!"

काठावरच्या ठेकेदाराने शब्दन् शब्द ऐकला. त्याने मिशीवरून हात फिरवला, मोटरसायकलला किक मारली आणि तो दिसेनासा झाला. मी वळून पाहिलं तर काकांचा चेहरा पडला होता.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी हिच्यावर बसून घरी आलोय. पुरात, वादळात. आजवर हिला भंगार कोणी म्हटलं नव्हतं. राहू द्या. मला विकायचीच नाही."

गाडी पाण्यात, सौदाही पाण्यात! मी यादी काढली. सदतिसाव्या मुद्द्यापाशी "विक्रेत्याचा स्वभाव पाहा" असं लिहिलं होतं. स्वतःच्या स्वभावाबद्दल काही नव्हतं.

बायको मागे वळली. "काका, तुम्ही अशा ओढ्यातून गाडी कशी काढायचात?"

बस, एवढंच. सकाळपासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. काकांचा चेहरा एकदम उजळला.

"आधी खाली उतरायचं, पोरी. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या हाताने फिरवायच्या. त्या फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचतच नाही. मग लहान गिअर घालायचा आणि तिची ती जाते. घाई करायची नाही."

बायकोने सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली, मला ओलांडून माझ्या बाजूने पाण्यात उतरली, हात कोपरापर्यंत बुडवून एक चकती फिरवली, मग दुसरी. अडलेल्या जनावरांच्या पोटात हात घालायची सवय असल्यावर ओढ्याचं काय! मला शेजारच्या सीटवर ढकलून ती स्टिअरिंगवर बसली. गाडी एकदा कण्हली, चारही चाकांनी चिखल धरला, आणि आम्ही आरामात पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिलो.

"तुला विकतो," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"काका, तिला काय काय दुखणी आहेत तेही सांगून टाका."

काकांनी शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "सकाळीच लिहून ठेवलाय. विचारलं की द्यायचा म्हणून." त्यावर नऊ दोष लिहिले होते, स्वच्छ अक्षरात, एकाखाली एक. मी माझ्या टिपणांशी ताडून पाहिलं. माझे तेवीस, त्यांचे नऊ. दोन्हींत मिळून एकसुद्धा सारखा नव्हता. तेलगळतीही त्यांच्या यादीत नव्हती. तिला ते दोष मानतच नव्हते!

सोमवारी पावणेदहाला आम्ही खात्याच्या कार्यालयासमोर हजर. बायको उडी मारून उतरली आणि कागद घेऊन आत गेली. दहाच मिनिटांत जाड चष्म्याचे साहेब तिच्याबरोबर बाहेर आले. गाडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली, टायरवर बुटाने दोनदा ठोकलं, आणि तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही केली. बायको हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी सहा ओढ्यांत बसलो असतो.

मग साहेब माझ्या खिडकीशी आले आणि वाकून म्हणाले, "काय हो, जुनी गाडी आहे. कोणा जाणकाराकडून नीट तपासून घेतलीत ना?"

"मी स्वतः तपासलीय!" मी छाती फुगवून ओरडलो.

पण बाहेर त्यांना नुसतं हंबरल्यासारखं ऐकू गेलं. माझ्या बाजूची काच खाली होत नाही, हा काकांच्या कागदावरचा आठवा दोष. त्या बाजूचा दरवाजा आतून उघडत नाही, हा नववा. साहेब मागे वळून बायकोला म्हणाले, "पेशंट वाटतं? घ्या, आधी त्याचं बघून घ्या."