वर माणसं, खाली ताप

माझे सासरे कुणालाही भेटले की नमस्काराच्या आधी त्याच्या कपाळाला उलटा हात लावून ताप बघतात. माणूस ओळखीचा असो वा नसो. माझ्या नवऱ्याचा, निखिलचा, जर्मन बॉस पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा तो बूट काढायला दारात वाकला आणि सरळ होतो न होतो तोच अप्पांचा हात त्याच्या कपाळावर. मग अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "निरंक." हा आशीर्वाद का, असं बॉसने विचारलं. निखिल म्हणाला, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर. त्यानंतर तो मनुष्य जेवण संपेपर्यंत फार नम्रपणे वागला आणि पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

अप्पांनी रोह्याकडच्या एका आरोग्य केंद्रात हिवताप कर्मचारी म्हणून तीस वर्षं काढली. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, "ताप आहे का कुणाला?" म्हणून विचारायचं, असला तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, आणि निघताना दाराशेजारी गेरूने दोन आकडे लिहायचे. वर घरातली माणसं, खाली तापाचे रुग्ण. रुग्ण नसला की वहीत 'निरंक'. नोकरी संपली, पण वही आणि हात दोन्ही थांबले नाहीत. आमच्या लग्नात आहेराच्या रांगेत त्यांनी माझ्या मामाचा ताप पकडला आणि मामाला खरंच टायफॉइड निघाला. तेव्हापासून माझं सगळं माहेर त्यांना वचकून असतं.

साधारण दहा वर्षं झाली या गोष्टीला. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, म्हणून आम्ही अप्पांना नव्वद दिवसांच्या व्हिसावर जर्मनीत आणलं. आम्ही श्टुटगार्टजवळ, गेर्लिंगेनच्या थोडं पुढे, एका लहानशा गावात राहायचो. निखिल इंजिनिअर, मी सॉफ्टवेअरमध्ये, आमची लेक मीरा दुसरीत. सकाळी साडेसातला आम्ही तिघं बाहेर पडायचो ते संध्याकाळीच परत. मधला सगळा दिवस अप्पा आणि ती गल्ली.

गल्ली बावीस घरांची. कापलेली हिरवळ, चार रंगांचे कचऱ्याचे डबे, आणि माणूस दिसेल तर शपथ. दुपारी एक ते तीन तर इतकी शांतता की स्वतःच्या शिंकेचीही लाज वाटावी. चार वाजल्यापासून खिडक्यांवरच्या पट्ट्यांच्या झडपा खडखडत खाली यायच्या, एका घराची, मग दुसऱ्या घराची. आत कोण, किती, जिवंत की कसं, काही कळायला मार्ग नाही. पहिल्याच आठवड्यात अप्पांनी मला विचारलं, "मेघना, या गावात साथ येऊन गेली का?"

"नाही हो अप्पा."

"मग माणसं कुठं गेली?"

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी बससाठी उभी असताना त्या बंद झडपांकडे पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. चार वर्षं राहत होते मी तिथे.

पुढे नोव्हेंबरात एका सकाळी ओल्या कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला मी बाहेर आले. धुकं असं की समोरचं घर अर्धंच उरलेलं. समोर फ्राउ श्टाइनले राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्या फाटकाच्या खांबावर लाल खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. जवळ जाऊन पाहिलं. वर १, खाली ०. आपला, मराठी, शेपटीवाला एक.

मी पुढे चालत राहिले. धुक्यातून एकेक खांब पुढे येत होता आणि प्रत्येकावर माझ्या बालवाडीच्या पाटीवरचे आकडे. २, खाली ०. १, खाली ०. पुन्हा १. पुन्हा १. घरात कोण बसलंय हे लक्षात यायला हवं होतं, पण सकाळी सात वाजता धुक्यात माणसाला सासरा आठवत नाही, करणी आठवते. श्वाबेन प्रांतात येऊन माझ्यावर करणी कोण कशाला करेल, हा विचार नंतरचा. शेवटच्या, बावीस नंबरच्या घराशी मात्र माझे पाय थबकले. त्या घराचं कुंपण माजलेलं, झडपा दोन वर्षांपासून खाली. मालक आइझेले, तिकडच्या भाषेत हेर आइझेले, हायडेलबर्गला मुलीजवळच्या वृद्धाश्रमात गेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रिकाम्या घराच्या खांबावरही लिहिलं होतं, १.

घरी आले तर अप्पा चहा पीत बसलेले. बोटांची टोकं लाल. मीराचा रस्त्यावर चित्रं काढायचा खडू बशीशेजारी.

"पहिली फेरी झाली," ते म्हणाले.

"अप्पा, शेवटचं घर रिकामं आहे."

"एक माणूस आहे."

"कुणी नाही तिथे! सगळ्यांना माहीत आहे."

"माझा आकडा चुकत नाही, मेघना," ते शांतपणे म्हणाले आणि बशीत चहा ओतला. कसं कळलं, हे मी विचारायला हवं होतं. मला बस गाठायची होती.

चार दिवसांत बेकरीत दुसरा विषय उरला नाही. चोर टेहळणी करून जातात आणि साथीदारांसाठी दारावर खडूने खुणा ठेवतात, अशी जर्मन माणसाची जुनी धास्ती आहे. या खुणांना त्यांच्यात नावही आहे, गाउनरत्सिंकन. त्यात आपला एक दिसतो त्यांच्या नऊसारखा. वर नऊ, खाली शून्य, म्हणजे नऊ वाजता घरात कुणी नसतं, असा उलगडा एका निवृत्त गृहस्थाने केला. झालं! तेव्हापासून अख्खी गल्ली सकाळी आणि रात्री नऊ वाजता घरात दिवे लावून बसू लागली. खांब गरम पाण्याने घासले गेले. मी अप्पांचं नाव कुणाकडेच काढलं नाही, निखिलकडेही नाही. पंधरा दिवसांनी आकडे पुन्हा हजर.

आणि या वेळी आठ नंबरच्या खांबावर दोनाचा एक झाला होता. त्या घरच्या आजोबांच्या निधनाचं काळ्या चौकटीतलं पत्र आम्हाला त्यानंतर तीन दिवसांनी आलं. ते हातात धरून मी अप्पांसमोर उभी राहिले. "तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"रोज सकाळी खिडकीत दोन पांघरुणं झटकायला टाकायच्या बाई. सोमवारपासून एकच येतंय." त्यांनी वही मिटली. "बिचाऱ्या."

गल्लीत हे कोडं सुटलेलं नव्हतं. तिथे सगळ्यांना एवढंच दिसलं की खुणेत फरक पडला आणि माणूस गेला. लोक एकमेकांशी हळू बोलायला लागले. स्वतःच्या खांबाकडे बघायचीही त्यांना भीती वाटायची. एकट्या फ्राउ श्टाइनलेंनी आपला आकडा पुसला नाही. एकदा मी लवकर परत आले, तर फाटकाच्या अलीकडे अप्पा, पलीकडे त्या. अप्पांनी त्यांच्या जर्मनमध्ये विचारलं, "फीबर?" त्या म्हातारीने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. अप्पांनी हात लावला, "निरंक" म्हणाले, आणि त्यांनी आभार मानले, "डांके." मला बरं वाटायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी गॅरेजच्या दाराने गुपचूप घरात शिरले.

त्याच संध्याकाळी मी निखिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पोलिसांत गेलं ना, तर अप्पांना पुन्हा कधी व्हिसा मिळणार नाही. त्याआधी त्यांना परत पाठवू या. शनिवारचं तिकीट बघतो." अजून चाळीस दिवस बाकी होते. आम्ही स्वयंपाकघरात हे इंग्रजीत बोललो, अप्पांना कळू नये म्हणून. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी न सांगता आपले स्वेटर घड्या घालून बॅगेत ठेवलेले दिसले.

पण पोलीस शनिवारच्या आधीच आला. गुरुवारी दुपारी चार वाजता, एक तरुण, गोरटेला, विनयशील मुलगा. कुणीतरी अप्पांना खडूसकट पाहून तक्रार केली होती. पोलिसांचा फोन आधी आला होता, म्हणून मी अर्धी रजा घेतली होती. बाहेर फ्राउ श्टाइनले आणि आणखी चार-पाच जण पानं झाडायचं निमित्त करून कुंपणाशी. अप्पा माकडटोपी घालून, वही मांडीवर घेऊन बसले. मी दुभाषी. तीस वर्षांची नोकरी, गेरू, पंधरवडा, वर माणसं, खाली ताप, हे सगळं मी जर्मनमध्ये सांगत गेले, तसा तो मुलगा सैलावला. शेवटी तर हसायलाच लागला. मग त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला.

"तर, सगळं बरोबर आहे. हे एक चुकलं. बावीस नंबर. नगरपालिकेच्या नोंदीत त्या पत्त्यावर कुणीच नाही."

मी भाषांतर केलं. अप्पांनी वही उघडूनही पाहिली नाही. "एक माणूस आहे म्हणावं. तळघराच्या मागच्या खिडकीवर रोज साडेपाचला वाफ धरते. चूल पेटते तिथं."

पोलिसाचं हसू गेलं. त्याने घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा.

आम्ही निघालो. धुकं पुन्हा उतरलं होतं आणि उजेड संपला होता. पानं झाडणारे सगळे खराटे हातात घेऊन मागे मागे आले. कुंपणाच्या फटीतून आत शिरून आम्ही घराच्या मागे ओळीने उभे राहिलो. जमिनीलगत एक बुटकी खिडकी होती, काळीभोर. साडेपाच वाजले. काही झालं नाही. मग काचेच्या आतून, खालच्या कोपऱ्यातून, पांढरं काहीतरी हळूहळू वर चढू लागलं. फ्राउ श्टाइनलेंनी माझी बाही घट्ट धरली.

पोलिसाने पुढे जाऊन घंटा वाजवली. दोनदा. आत चिडीचूप. तेव्हा अप्पा खिडकीशी उकिडवे बसले, बोटाच्या पेराने काच ठोकली आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "ताप आहे का कुणाला?"

आत काहीतरी फरफटलं. खिडकी चार बोटं उघडली आणि फटीतून एक सुरकुतलेला हात चौकटीवर आला.

हेर आइझेले वृद्धाश्रमातून दोन महिन्यांतच टॅक्सी करून परत आले होते. पावणेदोन वर्षं ते तळघरात राहत होते. मुलीने ठरवलेलं कुणीतरी मागच्या शेतवाटेने आठवड्याला सामान ठेवून जाई. गल्लीत कुणाला कळवलं का नाही, असं पोलिसाने विचारलं, तर ते म्हणाले, कुणी विचारलंच नाही. फ्राउ श्टाइनले तिथेच खिडकीपुढे ओल्या गवतात बसल्या आणि त्यांच्याशी भांडायला लागल्या. अप्पांनी फटीतून हात घालून कपाळ पाहिलं. निरंक.

परत आमच्या घरी येऊन पोलिसाने कागद पुरा करायला घेतला. तक्रार मिटली, असं तो म्हणाला. रकाना भरायचा म्हणून त्याने शेवटचं विचारलं, "आणि या घरात किती जण?"

मी सवयीने अप्पांकडे वळले. त्यांनी वही उघडली. "तीन."

"चार, अप्पा."

"तीन. तू, निखिल, मीरा." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. पहिल्या फेरीतलं पान होतं, तिकिटाचं बोलणं निघण्याच्या कितीतरी आधीचं. आमचा घर नंबर, वर ३, खाली ०.

"आणि तुम्ही?"

"पाहुणा इथं धरायचा नसतो. तो त्याच्या गावच्या यादीत येतो."

"गावी कोण आहे आता?"

"कुलूप आहे. कुलूपबंद घर यादीत घेत नाहीत."

त्यांनी हे नियम सांगावा तसं सांगितलं. तक्रार नाही, रुसवा नाही. तळघराच्या खिडकीपुढे वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. अप्पांचा आकडा चुकत नाही हे अर्ध्या तासापूर्वी सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. पांघरुणं, वाफ, कप, काय काय बघून ते माणसं मोजतात. आमच्या घरात त्यांनी महिनाभर बघितलं आणि तीन मोजले. ते मोजणं बरोबर होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"फीअर," मी पोलिसाला सांगितलं. चार.

जर्मन आकडे अप्पांनी आल्या आल्या पाठ केले होते, शंभरपर्यंत. "द्राय," ते अदबीने म्हणाले आणि तीन बोटं दाखवली.

"फीअर."

पोलीस पेन धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. निखिल नुकताच आला होता. खांद्यावर बॅग तशीच ठेवून तो दारात उभा होता आणि मघापासून ऐकत होता. त्याने वहीचं पान पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"फीअर," तो म्हणाला. आणि मग मराठीत, माझ्याकडे न बघता, "शनिवारचं मी रद्द करतोय."

पोलिसाने आकडा लिहिला. अप्पा खुर्चीतून पुढे वाकून त्याच्या पेनाकडे बघत होते. चूक राहू द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. ते आता पुन्हा तीन म्हणतील, म्हणून मी तोंड उघडलं होतं.

"असू दे," ते म्हणाले. "लिहिलंय त्यानं आता. सरकारी कागदावर खाडाखोड बरी नाही."

मी हो म्हटलं, आणि त्या पोलिसासमोरच रडले.