चांगुणासाठी रास्ता रोको

पोलिसांच्या गोपनीय विभागात माझ्याइतका गोपनीय माणूस दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या गल्लीत अजून मला सगळे विमा एजंट समजतात! म्हणूनच जिल्ह्यात नव्यानं आलेल्या धवल साहेबांनी ती नाजूक कामगिरी फोनवरून मलाच सांगितली.

झालं असं, की आमदार भिमाजीआण्णांनी विधानसभेत प्रश्न टाकला होता: आमच्या भागात गोपनीय विभाग नावाचं काही आहे का, आणि असल्यास ते काय करतं? साहेबांचा जीव टांगणीला लागला. ते म्हणाले, आसाराम, आण्णांची नाराजी कशामुळे ते काढा, संबंध गोड करा, आणि प्रश्न मागं घेतील असं बघा.

मी ठरवलं, आधी आण्णांचा मूड हेरायचा, मग एकांतात ओळख द्यायची. धोतर नेसलो, टोपी घातली, उपरणं घेतलं. आरशात बघून मी स्वतःलाच रामराम घातला.

आण्णांच्या कार्यालयात गाऱ्हाणी मांडणाऱ्यांची ही गर्दी! मी कोपरा धरला. पण कोपऱ्यातल्या माणसाला आधी बोलवायची आण्णांची पद्धत होती, आणि नेमकं तेच गोपनीय विभागाला ठाऊक नव्हतं.

"बोला पाव्हणं, काय गाऱ्हाणं हाय?"

गाऱ्हाणं आणायचं मी विसरलो होतो. तोंडाला येईल ते सांगितलं, की घोडेगावच्या बाजाराला निघालो होतो, फाट्यावर ट्रकनं माझी म्हैस उडवली.

आण्णा उठून उभे राहिले. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "नाव काय हुतं तिचं?"

म्हशीला नाव असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. ऐन वेळेला एकच नाव आठवलं, ते बायकोचं.

"चांगुणा," मी म्हणालो, आणि हे घरी कळलं तर, या विचारानं माझे डोळे खरोखर भरून आले.

ते पाणी बघून आण्णा विरघळले. फाट्यावर गतिरोधक मंजूर झाल्याबिगर उठायचं न्हाई, असं म्हणत त्यांनी मला गाडीत घातलं. मला वाटलं, चला, एकांत मिळाला. कसला एकांत! गाडीत कार्यकर्ते खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे भरलेले, एक तर माझ्या मांडीवर. ओळख द्यायला तोंड उघडलं, की शेजारचा हळव्या मनाचा गडी माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावायचा.

त्यात बाजाराचा दिवस. आण्णा फाट्यावर बसताच निम्मा बाजार शेजारी येऊन बसला. म्हशी, शेळ्या, टेम्पो, सगळं जागच्या जागी. 'चांगुणाला न्याय द्या' अशा घोषणा सुरू झाल्या. माझ्या हातात माईक आला. मी चांगुणाबद्दल बोलत गेलो, तिचा राग, तिचा लळा, तिचं पाठमोरं चालणं, आणि माणसं डोळे पुसायला लागली. एक म्हातारा तर पुढं येऊन म्हणाला, "लई गुणाची हुती. म्या सोता धार काढलीय तिची."

एवढ्यात कनवटीचा मोबाईल वाजला. साहेब होते. रस्ता बंद पडला आणि तुम्हाला पत्ता नाही, हे आंदोलन कोण करतंय, असं ते विचारत होते. मी तोंडावर उपरणं धरून म्हणालो, "माहिती काढतोय, साहेब."

"मागं घोषणा ऐकू येतात. म्हणजे जवळ पोचलात. शाब्बास!"

संध्याकाळी गतिरोधकाचं आश्वासन मिळालं आणि रस्ता मोकळा झाला. आण्णांनी मला हार घातला. मग माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला, म्हणाले, "एवढं मोठं आंदोलन झालं अन् तुमच्या खात्याला वासबी न्हाई. आता एक प्रश्न नव्हं, पाच टाकतो."

मागोमाग मला साहेबांचा फोन. आमदारांचं नंतर बघू, तो म्हैसवाला पुढारी फार धोकादायक दिसतो, त्याच्यावर नजर ठेवून रोज अहवाल पाठवा, असा हुकूम सुटला.

तेव्हापासून मी माझ्यावर नजर ठेवून आहे. कालचा अहवाल असा गेला: 'सदर इसम दिवसभर घरीच होता. हालचाली संशयास्पद नाहीत. भाषणाचा व्हिडिओ पाहिल्यापासून पत्नी त्याच्याशी बोलत नाही. भांडी सदर इसमानेच घासली.'